बहिणी म्हणे : मार खाल्लेल्या बाईचा ‘आवाज’ वाचायचा कसा?

मराठी, इंग्रजी, समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास, कुठल्याही विभागातल्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिस चाळून बघा. ‘आवाजाचा शोध’, ‘मौनाकडून अभिव्यक्तीकडे’, ‘स्त्रीचा स्वतःचा स्वर’ यांतलं एक तरी शीर्षक हाताला लागेलच. विषय ‘स्पोकन वर्ड’चा असेल तर हमखास. स्पोकन वर्ड म्हणजे पुस्तकात छापण्यासाठी नव्हे, तर माइकसमोर उभं राहून म्हणण्यासाठी केलेली कविता. मुंबई-पुण्यातल्या कॅफेंमध्ये आणि यूट्यूबवर ती आता चांगली रुळली आहे, आणि तिच्यात बिघडलेलं लग्न वारंवार येतं : न बोलणारा नवरा, हात उगारणारा नवरा, माहेरी परत जायची सोय नसणं. मग सिनॉप्सिसमधलं गृहीतकही जवळपास छापील असतं. लग्नात ती गप्प होती, कवितेत तिला आवाज सापडला.

हे गृहीतक खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण ती सिद्ध करायची गोष्ट आहे, आणि आपण ती पहिल्या पानावरच गृहीत धरून मोकळे होतो. म्हणून ‘आवाज’ या शब्दाला जरा ताण देऊन बघू. त्यासाठी मी कॅफेतली कवयित्री घेत नाही, सतराव्या शतकातली घेते : संत बहिणाबाई. (खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या १८८० ते १९५१ मधल्या. नेटची तयारी करणाऱ्यांनी एवढं एकदा पक्कं करून टाका.) संतांना मराठीत आपण एकेरीतच हाक मारतो, म्हणून मीही ‘ती’च म्हणते.

बहुतेकांना तिचा एकच अभंग माहीत असतो, वारकरी परंपरेला इमारतीची उपमा देणारा. पण तिच्या गाथेचा पहिला भाग आत्मचरित्रपर आहे, आणि तो वाचताना कुणीही दचकेल. जन्म साधारण १६२८, वेरूळजवळच्या देवगावचा. वयाच्या तिसऱ्या वर्षी लग्न. नवरा रत्नाकर पाठक तीस वर्षांचा, बिजवर, वेदपठण करणारा ब्राह्मण. पुढे माहेरच्या भाऊबंदकीतून आणि कर्जातून घर सुटतं. आईवडील, नवरा आणि ही पोर असे सगळे गाव सोडून निघतात आणि फिरत फिरत कोल्हापूरला येऊन राहतात. तिथे तिला एका वासराचा लळा लागतो. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाते तेव्हा वासरूही मागोमाग जातं. गर्दीत वासराला बाहेर काढतात, जयरामस्वामी त्याला आत बोलावतात, या मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात. गावात बोलबाला होतो. नवरा संतापतो, तिला मारतो, हातपाय बांधून टाकून देतो. ती तेव्हा अकरा वर्षांची आहे. आईवडील त्याच घरात आहेत, पण त्यांचं काही चालत नाही. गाय आणि वासरू चारा-पाणी सोडतात.

पुढे वासरू मरतं, ती बेशुद्ध पडते, आणि स्वप्नात तुकाराम तिला उपदेश करतात. घरात आता आणखी मोठं वादळ. वैदिक ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र! शिवाय लोक दर्शनाला येतात ते तिच्या, नवऱ्याला कुणी विचारत नाही. तो ठरवतो की हिला माहेरच्यांवर सोडून आपण निघून जायचं. ती गरोदर आहे. मग तो आजारी पडतो, ती त्याची शुश्रूषा करते, त्याला पश्चात्ताप होतो, आणि सगळं कुटुंब देहूला जातं. तिथे मंबाजीचा छळ सुरू होतो, पण तो वेगळा विषय.

आता समीक्षेकडे वळू. या अभंगांचं वाचन साधारण दोन वाटांनी होतं. भाविक चरित्रकार मारहाणीला ‘प्रारब्ध’ किंवा ‘देवाने घेतलेली परीक्षा’ म्हणतो आणि नवऱ्याच्या हृदयपरिवर्तनापाशी उसासा सोडतो. आपल्या पिढीचा संशोधक नेमकं उलटं करतो. मारहाणीचे अभंग उतरवून घेतो आणि म्हणतो, बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं घरातली हिंसा नोंदवली, हा तिचा विद्रोही आवाज. दोघेही गाथेचा अर्धाच भाग वाचतात. कारण याच गाथेत पतिव्रताधर्माचे अभंग आहेत. नवऱ्याची सेवा हाच बाईचा देव, त्याच्या आज्ञेबाहेर तिला गती नाही, असं ती ठणकावून सांगते. तिने ते कुणाच्या दबावाखाली लिहिले किंवा नंतर कुणीतरी घुसडले असं म्हणून सुटका करून घेता येते. पण मग पुरावा द्या. आपल्याला आवडत नाही म्हणून अभंग प्रक्षिप्त ठरत नाही.

अॅन फेल्डहाउस यांचा १९८२ चा बहिणाबाईवरचा निबंध इथे वाचायलाच हवा. त्याच्या शीर्षकातच ‘पत्नी आणि संत’ अशी जोडी आहे, आणि या दोन भूमिकांमधला ताण हाच त्याचा विषय आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात ए. के. रामानुजन यांनी स्त्री-संतांच्या चरित्रांचा एक साचा मांडला : लहानपणीच देवाला वाहून घेणं, लग्न नाकारणं किंवा मोडणं, रूढी झुगारणं, शेवटी देवालाच पती मानणं. अक्कमहादेवी, मीरा या साच्यात सहज बसतात. बहिणाबाई बसत नाही. तिचं लग्न होतं, ती मार खाते आणि ती घरातच राहते. घर न सोडता बोललेली ही बाई आहे, म्हणून तर आपल्या विषयाला ती जास्त कामाची. कॅफेत माइकसमोर उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणी कविता झाल्यावर रिक्षा पकडून त्याच घरी परत जातात.

तर पतिव्रतेचे अभंग वाचायचे कसे? मला विचाराल तर पहिली पायरी अगदी साधी आहे, आणि ती कुठल्याही थिअरीच्या आधी येते. ते कुठे आहेत ते बघा. आत्मचरित्रात नवऱ्याला देव मानण्याचा सर्वांत टोकाचा सूर लागतो तो नवऱ्यानं ‘मी चाललो’ म्हटल्याच्या लगेच नंतर. तिथे ती इतकी पुढे जाते की पंढरीचा देव आणि स्वप्नातला गुरू या दोघांनाही नवऱ्यापुढे बाजूला ठेवायला तयार होते. निवडक संग्रहात हे अभंग ‘स्त्रीधर्म’ अशा मथळ्याखाली वेगळे काढले की ते उपदेशासारखे वाटतात. जागेवर ठेवून वाचले की दिसतं, हे बोलतेय ती टाकली जाण्याच्या बेतात असलेली गरोदर मुलगी. सतराव्या शतकातल्या ब्राह्मण घरात टाकलेल्या बाईला विधवेचंही ठरलेलं स्थान नाही आणि सवाष्णीचा मानही नाही. परक्या गावात, कर्जातून पळून आलेल्या आईवडिलांच्या जिवावर ती कशी जगणार? त्या क्षणी ‘नवरा हाच देव’ या वाक्यात श्रद्धा किती आणि भीती किती, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण वाक्य त्या क्षणाला चिकटलेलं आहे, एवढं तर संहितेतच दिसतं.

मात्र ‘म्हणजे ते सगळं भीतीपोटी होतं’ असं म्हणून पुस्तक मिटू नका. आत्मचरित्राबाहेरही पतिव्रतेवर अभंग आहेत, आणि तिथे नवरा कुठे निघालेला नाही. तसंच दुसरीकडे ती थेट तक्रार करते की वेद-पुराणं बाईच्या देहाला परमार्थाची अडचण ठरवतात, मग हा देह घेऊन मी जायचं कुठे? ‘ब्राह्मण कोणाला म्हणायचं’ हा प्रश्न करणारे वज्रसूचीचे अभंगही तिच्याच नावावर आहेत. वेदपठण करून पोट भरणाऱ्या नवऱ्याच्या घरात हा प्रश्न म्हणजे निखारा. ही सगळी वाक्यं एका बाईची आहेत. ती एकमेकांत बसत नाहीत. आवाज एकच असतो, तो आधी हरवलेला असतो आणि मग सापडतो, हे आपलं गृहीतक इथेच अडखळतं.

याचं एक कारण मला वाटतं ‘आवाज’ची आपली कल्पनाच स्लॅमच्या मंचावरून आली आहे. पोएट्री स्लॅम १९८० च्या दशकात शिकागोत सुरू झालं. बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ नावाच्या कवीनं ‘ग्रीन मिल’ या क्लबमध्ये १९८६ पासून दर आठवड्याला ते भरवलं. त्याचे रूढ झालेले नियम बघा. कविता तुमची स्वतःचीच हवी. साधारण तीन मिनिटं. प्रेक्षकांतूनच निवडलेले पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देणार, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळणार. आता तीन मिनिटांत अनोळखी परीक्षकाकडून दहातले नऊ मिळवायचे तर कवितेची घडण काय होईल? जखम दाखवायची, आवाज चढवायचा, शेवटी ताठ उभं राहायचं. यात खोटेपणा आहे असं मी म्हणत नाही. खरं दुःखही त्या साच्यातून जाताना त्याचा आकार घेतं. मात्र ‘मौनाकडून अभिव्यक्तीकडे’ हा प्रवास कवयित्रीच्या आयुष्याचा की तीन मिनिटांच्या साच्याचा, हे संशोधकानं विचारायलाच हवं. निदान एका प्रकरणात तरी.

बहिणाबाईच्या साच्याचे नियम पार वेगळे. अभंगाच्या शेवटी तिची मुद्रा येते, ‘बहिणी म्हणे’. दोनच शब्द, पण त्यांच्यापाशी थांबायला हवं. क्रियापद बोलण्याचं आहे, लिहिण्याचं नाही. आणि पुरुष तृतीय आहे. जी बाई आतापर्यंत ‘मला मारलं, मला बांधलं’ असं सांगत होती, ती शेवटी स्वतःबद्दल ‘ती म्हणते’ असं म्हणते. का? कारण हा अभंग उद्या दुसरं कुणी म्हणणार हे तिला ठाऊक आहे. दिंडीतली बाई म्हणेल, फेटा बांधलेला कीर्तनकार म्हणेल, टाळकरी पोरं म्हणतील. स्लॅममध्ये दुसऱ्याची कविता म्हणणं नियमात बसत नाही. अभंग मात्र दुसऱ्याच्या तोंडी गेला तरच जगतो. एकीकडे आवाज म्हणजे माझ्या देहाची खूण, दुसरीकडे आवाज म्हणजे देहावाचून फिरू शकणारी गोष्ट. दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि नंतर निष्कर्षही एकच काढतो.

‘आत्मनिवेदन’ या शब्दातही अशीच मेख आहे. तिच्या या अभंगांना आत्मनिवेदनपर म्हणायची पद्धत आहे. आज तो शब्द ऐकून आपण समजतो, स्वतःची कहाणी सांगणं. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा शीर्षकातच ‘आत्मचरित्र’ असा शब्द घातला. पण नवविधा भक्तीत आत्मनिवेदन ही नववी, शेवटची पायरी. तिथे निवेदन म्हणजे सांगणं नव्हे, अर्पण करणं. म्हणजे मारहाणीची हकिकत ती जगाला ‘सांगत’ असेल, किंवा देवापुढे ‘ठेवत’ असेल. या दोन कृती आहेत. पहिलीत ऐकणाऱ्यानं काहीतरी करावं अशी अपेक्षा असते, दुसरीत तशी असतेच असं नाही. मला तर दोन्ही एकाच वेळी चालू आहेत असं वाटतं. पण ‘साक्ष’ हा शब्द वापरण्याआधी प्रबंधात यावर दोन पानं तरी खर्चायला हवीत.

ऐकणारा कोण, हा प्रश्न लावून बघायची सवय मला जात्यावरच्या ओव्यांनी लावली. हेमा राईरकर आणि गी पोइत्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या ओव्या आज एक लाखावर आहेत, हजाराहून जास्त गावांतल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. जातं पहाटे फिरतं, पुरुष तिथे नसतात, समोर बसलेली जाऊ, नणंद किंवा शेजारीण दुसरा खुंटा धरते आणि सूरही धरते. भाऊ, माहेर, लेक यांच्यावर ओव्या भरभरून. नवऱ्याचं दुखणं मात्र बऱ्याचदा आडवाटेने येतं, सीतेच्या वनवासातून. सीतेला रामानं टाकलं असं म्हणताना कुणाचा राम, हे दुसऱ्या खुंट्यावरचीला वेगळं सांगावं लागत नाही. मुद्रा सहसा नसते, ओवी कुणाची हे कुणी विचारत नाही. इथे ‘मी’ सगळ्यांचा आहे, म्हणून सुरक्षित आहे. एखाद्या ओवीतल्या ‘मी’वरून गाणारीचं चरित्र लिहायला बसणाऱ्या संशोधकाला मी हात जोडते.

लीला अबु-लुघोद यांचं ‘व्हेल्ड सेंटिमेंट्स’ (१९८६) हे पुस्तक ओव्यांशेजारी ठेवून वाचलं तर मजा येते. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या अवलाद अली या बदाऊनी जमातीत ‘घिन्नावा’ नावाची अगदी चिमुकली गाणी म्हणतात. नवऱ्यानं दुसरी बायको केली की पहिली चारचौघांत म्हणते, मला काय त्याचं. आणि जवळच्या माणसांत बसून जी घिन्नावा म्हणते, तिच्यात काळीज फाटलेलं असतं. म्हणजे बोलणं ताठ आणि कविता हळवी. खरा आवाज कुठला? अबु-लुघोद म्हणतात, दोन्ही. एक मुखवटा आणि एक चेहरा अशी ती वाटणी नाही. बहिणाबाईच्या बाबतीत तर ही वाटणी करायला आपल्याकडे तिचं घरगुती बोलणं उरलेलंच नाही. ताठपणा आणि शरणागती, दोन्ही अभंगातच आहेत.

याच लेखिकेचा १९९० चा ‘द रोमान्स ऑफ रेझिस्टन्स’ हा लेख मात्र मूळातून वाचा, गाईडनं सांगितलं नसलं तरी. तिथे त्या आपल्याच प्रकारच्या संशोधनाला खडसावतात. बायकांची गाणी, विनोद, टोमणे दिसले की आपण ‘प्रतिकार सापडला’ म्हणून खूश होतो. त्याऐवजी प्रतिकाराकडे सत्तेचं निदान म्हणून बघा, असं त्या सुचवतात. नाडी कुठे जोरात उडतेय त्यावरून आजार कळतो, तसं. ही दृष्टी बहिणाबाईला लावली की ‘ती बंडखोर होती का?’ हा कंटाळवाणा प्रश्न आपोआप गळतो. मग वेगळंच काहीतरी दिसायला लागतं. नवरा तिला मारतो ते ती वाईट बायको आहे म्हणून नाही. कीर्तनात परक्या पुरुषानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाव बोलू लागलं, तेव्हा हात उचलला जातो. सोडून जायची भाषा सुरू होते ती लोक तिच्या पाया पडायला लागल्यावर. म्हणजे या घरातल्या हिंसेचा काटा प्रत्येक वेळी बाहेरच्या लोकांच्या नजरेवर हलतो. पठणावर जगणाऱ्या माणसाची अब्रू हीच त्याची मिळकत, आणि ती बायकोच्या गुरूच्या जातीशी बांधलेली. जात, पोट आणि नवरेपण यांची ही गाठ अभंग इतकी उघडी करून दाखवतात की आपण त्यावर ‘आवाज’ असं लेबल चिकटवून पुढे निघून जाणं मला फार स्वस्त वाटतं.

आणि एक गोष्ट, जिवंत कवयित्रींवर काम करणाऱ्यांसाठी. बहिणाबाईचा नवरा जाऊन तीन शतकं झाली. तुमच्या कवयित्रीचा नवरा कदाचित तिच्या इन्स्टाग्रामवर आहे. तिनं मंचावर म्हटलेली कविता तुम्ही ‘घटना’ म्हणून प्रबंधात नोंदवली की ती जबाब होते, आणि जबाब द्यायला तिनं होकार दिलेला नसतो. कवितेत ती म्हणू शकते की हे माझं नाही, सगळ्यांचं आहे. तो आडोसा तिनं जाणून ठेवलेला असू शकतो, सीतेसारखा. मुलाखतीत ‘हे खरंच तुमच्याबाबतीत घडलं का?’ असं विचारायच्या आधी, ते कळल्यानं तुमच्या प्रकरणात नक्की काय भर पडणार आहे, ते स्वतःला विचारून बघा. बऱ्याचदा काहीच पडत नाही.

गाथा वाचायला घेणार असाल तर निवडक अभंगांपासून सुरुवात करू नका. आत्मचरित्राचा भाग क्रमानं, सलग वाचा, आणि शेवटचा भागही सोडू नका. तिथे मरणाच्या दारात ती मुलाला, विठोबाला, आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगते. समासात पेन्सिलीनं एकच नोंद करत जा : इथे ऐकणारं कोण आहे? देव, गुरू, नवरा, गाव, मुलगा, की ती स्वतःच. दहाएक अभंगांतच रकान्यातली नावं बदलायला लागतात, आणि काही ठिकाणी एका अभंगासमोर दोन नावं लिहावी लागतात. माझ्या प्रतीत नवरा निघून जायच्या बेतात असतो तिथल्या अभंगांसमोर तीन आहेत.